‘कमांड’ म्हणजे दरवेळी आज्ञाच का?

प्रश्न : ‘द फोर्ट कमांड्स द व्हॅली’चं भाषांतर ‘किल्ला दरीला आज्ञा देतो’ असं केलेलं वाचलं. चूक उघड आहे, पण मग ‘कमांड’ला नेमका शब्द कोणता?

— एक शब्द पुरत नाही. आधी कर्ता बघा. कर्ता माणूस आणि समोर ऐकणारा कोणी असेल, तरच आज्ञा, हुकूम, आदेश. किल्ला किंवा टेकडी कर्ता झाली की अर्थ उंचीवर जातो. युद्धाच्या मजकुरात ‘सगळी दरी किल्ल्याच्या माऱ्यात येते’, प्रवासवर्णनात ‘किल्ल्यावरून सगळी दरी दिसते’.

— हाच उंचीचा अर्थ पाटबंधाऱ्यांत आहे. ‘कमांड एरिया’ म्हणजे लाभक्षेत्र, ‘आदेश क्षेत्र’ नव्हे. कालव्याचं पाणी उताराने आपोआप पोचतं तेवढं रान कमांडमध्ये. कालव्याला लागून असलेलं शेतसुद्धा पातळीने वर असेल तर बाहेर; तिथे पाणी उपसूनच न्यावं लागतं.

— मूळ लॅटिन ‘मांदारे’, म्हणजे हाती सोपवणं. ‘मँडेट’ आणि ‘डिमांड’ त्याच कुळातले. ‘कमांड ऑफ लँग्वेज’ला ‘प्रभुत्व’ रूढ आहे. मला ‘हुकमत’ जास्त आवडतो, त्यात हुकूमही आहे आणि पकडही.

— सर्वांत जास्त घोळ ‘कमांड्स रिस्पेक्ट’चा. ‘आदराची मागणी करतो’ लिहिलं की ते ‘डिमांड’ झालं, म्हणजे बरोबर उलटं. इथे आदर न मागता मिळतो : ‘त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही’. वस्तू कर्ता असेल (‘कमांड्स अ हाय प्राइस’) तर सरळ ‘चढा भाव मिळतो’.

— कवायतीतल्या कमांडला ‘हुकूम’च म्हणा. त्याचे दोन भाग असतात. ‘दाहिने’ लांबवून म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग ‘मुड’ तुटक आणि जोरात. मधला थांबा गाळला तर निम्मी रांग आधी वळते, निम्मी मागाहून.

— पदनामं ठरलेली आहेत, नवी घडवू नका : राखीव पोलीस बलाचा कमांडंट ‘समादेशक’, पक्षाचं हायकमांड ‘पक्षश्रेष्ठी’.

— आणि लष्कराच्या ‘दक्षिण कमान’मधली कमान म्हणजे ‘कमांड’चंच रूप, दारावरची कमान वेगळी. बातम्यांतली ‘संघाची कमान सांभाळली’ ही हिंदीची उसनवारी. मराठीत धुरा सांभाळतात.