बोक्याने लिटर बॉक्स वापरणे सोडले आहे. कारण कसे शोधावे?

मांजलपूरकर:

नमस्कार. बडोद्याच्या मांजलपूर भागात घर घेतल्यावर मांजर पाळणे ओघानेच आले, असे आमचे स्नेही गमतीने म्हणतात. सध्या मात्र त्या मांजराने आम्हाला जेरीस आणले आहे. साडेचार वर्षांचा, नसबंदी झालेला आमचा खंडू पिल्लू असल्यापासून लिटर बॉक्स (शी-लघवीसाठी लिटर, म्हणजे वाळूसारखे दाणे, भरलेली पेटी) बिनचूक वापरत आला. गेल्या बारा दिवसांत त्याने दिवाणाच्या गादीवर पाच वेळा आणि न्हाणीघराबाहेरच्या पायपुसण्यावर दोनदा लघवी केली. शी मात्र अजूनही बॉक्समध्येच करतो, त्यामुळे कोडे अधिकच अवघड झाले आहे.

घरात झालेले बदल प्रामाणिकपणे सांगतो. बॉक्स पूर्वी गॅलरीत असे. यंदा पावसाची झड आत येऊ लागली, म्हणून तो न्हाणीघरात वॉशिंग मशीनशेजारी हलवला. तिथे वास येऊ नये म्हणून झाकणाचा नवा बॉक्स आणला आणि त्यात लॅव्हेंडरच्या वासाचे लिटर घातले. गणपतीत पाहुण्यांची ये-जा असल्याने दिवसभर त्याला आतल्या खोलीत ठेवत होतो. त्या कोंडण्याचाच तो सूड उगवतो आहे, असे आमच्या आईचे ठाम मत आहे. मला ते पटत नाही, पण खोडून काढण्यासाठी मुद्दाही सुचत नाही.

वाड्यातली मावशी:

सुडाचे राहू द्या. आधी त्याची लघवी नीट होते आहे की नाही, ते आजच पाहा. शी बॉक्समध्ये आणि लघवी बाहेर, असे दिसले की माझा पहिला संशय मूत्राशयावर जातो. लघवी करताना दुखले, तर मांजराच्या मनात त्या दुखण्याची आणि त्या जागेची सांगड बसते, आणि ते बिचारे जिथे दुखणार नाही अशी जागा शोधत गादीवर, चादरीवर नाहीतर गार फरशीवर जाऊन बसते.

लिटर लघवीने भिजल्यावर गोळे धरणारे असेल, तर दिवसाला किती गोळे निघतात आणि ते केवढे असतात, हे मोजा. निरोगी मांजराचे साधारण दोन ते चार चांगले मोठे गोळे निघतात. सुपारीएवढे सात-आठ निघत असतील, तर त्याला थेंबथेंब होते आहे. आणि तो पुन्हापुन्हा बसतो, जोर करतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो आणि तरी काहीच बाहेर येत नाही, असे दिसले, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्या. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. त्यात स्फटिकांचा किंवा चिकट स्रावाचा बोळा अडकला, तर लघवी तुंबते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. आमच्या आधीच्या बोक्याला बद्धकोष्ठ झाला असे समजून आम्ही अख्खा दिवस एरंडेलात घालवला होता, म्हणून इतके कळकळीने लिहिते आहे. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तर चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरांना विषासारखे असते.

विश्वामित्रीकाठचा:

मावशींचा सल्ला अगदी योग्य आहे आणि क्रमही तोच असावा. तथापि, तपासणीत काहीही न निघता केवळ आपल्या सोयीपायी बॉक्स सुटल्याचा अनुभव आमच्या घरी आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा आमची मांजरी आठ दिवस नातेवाइकांच्या गच्चीवर राहिली आणि तिथल्या तुळशीच्या रिकाम्या कुंडीतली माती वापरत होती. घरी परतल्यावर आम्ही सगळे घर फिनाईलने धुतले, बॉक्ससुद्धा. ती बॉक्सपाशी येई, एक पाय आत ठेवी, पाय झटकी आणि मागे फिरे. शेवटी आम्ही साध्या साबणाने धुतलेला नवा टब ठेवला, लिटरवर दोन मुठी कोरडी माती पसरली आणि ती रोज थोडी कमी करत गेलो. तीन आठवड्यांत ती पुन्हा नुसत्या लिटरवर आली.

तुमच्याकडे तर जागा, बॉक्स आणि लिटर ही तिन्ही एकाच महिन्यात बदलली. झाकणाचा बॉक्स हा, माझ्या मते, माणसाच्या नाकासाठी केलेला आहे; मांजराला त्यात अमोनियाचा कोंडलेला दर्प आणि बाहेर पडायला एकच वाट मिळते. त्यात ते आत असतानाच शेजारचे यंत्र कपडे पिळू लागले, तर त्याने पुन्हा तिथे पाऊल का ठेवावे? मंगळ बाजारातून मांजराच्या लांबीच्या दीडपट लांबीचा उघडा टब आणा, बिनवासाचे बारीक लिटर दोन इंच भरा आणि एकाऐवजी असे दोन टब दोन ठिकाणी ठेवा. दिवसातून दोनदा गोळे काढा.

मांजलपूरकर:

दोघांचेही आभार. मावशींचे उत्तर वाचल्यावर गोळे मोजले, तर एका रात्रीत नऊ निघाले, सगळे अगदी लहान. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले. मार्ग अडलेला नव्हता. लघवीत थोडे रक्त होते, जंतू आढळले नाहीत, आणि सोनोग्राफीत मूत्राशयाचे अस्तर सुजलेले दिसले. तरुण मांजरांत ही सूज बहुधा जंतूंमुळे नसते, ताणाशी तिचा जवळचा संबंध असतो, असे सांगून त्यांनी प्रतिजैविके न देता वेदनाशामक दिले, ओले अन्न सुरू करायला सांगितले आणि हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो याचीही कल्पना दिली. म्हणजे ढोल-ताशे, पाहुणे आणि कोंडणे यांच्यापुरते आईचे निरीक्षण बरोबर होते. चूक होती ती फक्त हेतूच्या बाबतीत. आता प्रश्न गादीचा आहे. दोनदा धुऊनही पाऊस पडला की वास येतो.

वाड्यातली मावशी:

तो येणारच. लघवीतले यूरिक आम्लाचे कण साध्या धुण्याने निघत नाहीत आणि दमट हवेत पुन्हा दर्प सोडतात. आपल्याला न जाणवणारा वासही मांजराला परत तिथेच बोलावतो. एन्झाइमचे क्लीनर आतपर्यंत मुरेल इतके ओता, पुसण्याची घाई करू नका आणि गादी सावकाश वाळू द्या. नेमके डाग दिसत नसतील, तर नोटा तपासायची जांभळी टॉर्च अंधारात मारा, बहुतेक दिसतील. अमोनिया असलेले क्लीनर वापरू नका, त्याला तो लघवीचाच वास वाटेल. आणि फिनाईल टाळा, विशेषतः काळे. फिनॉलजन्य द्रव्ये मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही आणि फरशीवरचे सगळे ते पंजे चाटून पोटात घेते.

मांजलपूरकर:

नऊ दिवसांनी कळवतो आहे. एक टब गॅलरीत, झड लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला आहे आणि दुसरा आतल्या खोलीत. पहिले दोन दिवस त्याने दोन्हींकडे पाठ फिरवली, तिसऱ्या रात्री उकरण्याचा आवाज आला. गादीवर अजून प्लॅस्टिक आहे. आज सकाळी लिंबाएवढे तीन गोळे निघाले. आईने स्वतः मोजले.