आजीच्या स्मरणार्थ उपासनेत तिच्या मौनाबद्दल बोलावे का?

नगरची नात:
माझी आजी पंधरा दिवसांपूर्वी, वयाच्या 91व्या वर्षी, प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. येत्या रविवारी नगर जिल्ह्यातील आमच्या गावी तिच्या स्मरणार्थ उपासना आहे आणि पाळकसाहेबांनी मला दहा मिनिटे बोलण्यास सांगितले आहे. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतील आमची मंडळी (गावचे चर्च) 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली, तरी आजीच्या तोंडी ते शेवटपर्यंत ‘मिशनचं देऊळ’च राहिले. भाकरीसाठी पीठ मळण्यापूर्वी त्यातील एक मूठ ती रोज वेगळ्या डब्यात टाकत असे आणि शनिवारी तो डबा गावातील एकट्या राहणाऱ्या बायकांकडे पोहोचवत असे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने तिला पुस्तकाशिवाय येत.

माझी अडचण वेगळी आहे. आजोबा गेल्यानंतर जवळपास वर्षभर ती एकाही रविवारी गैरहजर राहिली नाही, पण तिने एकही गीत म्हटले नाही. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक मिटलेले मांडीवर ठेवून ती नुसती बसून असे. घरातील मोठ्यांना हे सांगणे तिच्या विश्वासाला उणेपणा आणणारे वाटते. मला मात्र तिची हीच आठवण सर्वांत जवळची आहे. मी काय करावे?

निवृत्त शिक्षक:
बाई, हे अवश्य सांगा. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील 88वे स्तोत्र अंधारातच संपते, तरीही ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात आहे. ज्या बाईला गाता येत नव्हते, तरी जी दर रविवारी येऊन बसत होती, तिचा विश्वास कमी होता असे मी तरी म्हणणार नाही.

‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’ अशी विशेषणे मात्र टाळा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 मध्ये यापो येथील टबीथा मरण पावते, तेव्हा तिच्याभोवतीच्या विधवा प्रेषित पेत्राला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे रडत रडत दाखवतात. पिठाचा तो डबा घरात असेल, तर तो सोबत न्यावा.

वसईची सून:
आम्हा कॅथलिकांकडे अंत्यविधीच्या मिस्सात (उपासनेत) असे चार शब्द बोलायचे असल्यास ते कम्युनियननंतरची, म्हणजे पवित्र भाकर घेतल्यानंतरची, प्रार्थना झाल्यावर, अखेरच्या निरोपाआधी बोलतात आणि ते थोडकेच असावेत अशी अपेक्षा असते. माझ्या सासूबाईंच्या वेळी मी पाच पाने लिहून नेली होती. दुसऱ्याच पानावर कंठ दाटून आला. आपण एका पानात मावेल एवढेच लिहावे आणि ते आधी घरात, तिच्या मुलांसमोर, मोठ्याने वाचावे. मोठ्यांचा विरोध तेथेच निवळेल असे मला वाटते, कारण वडील गेल्यानंतरचे ते वर्ष त्यांनीही पाहिलेले आहे.

नगरची नात:
आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मी ते पान घरी वाचले. थोरले काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितले की त्या वर्षानंतर ती पुन्हा प्रथम गायली ती नाताळच्या उपासनेत, आणि तेव्हा तिच्या शेजारी तेच बसले होते. हे मला माहीत नव्हते. रविवारी ती गोष्ट तेच सांगणार आहेत, आणि डबा मी नेणार आहे. त्यात अजून थोडे बाजरीचे पीठ आहे.