साथीची लाट आणि कोकणचा हंगाम

करोनाच्या साथीबद्दल ‘नुकसान टाळेबंदीने केले, आजाराने नव्हे’ असे म्हटले जाते; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले आणि त्यात कडक टाळेबंदीचा वाटा मोठा होता, हे खरेच. परंतु २०२१ च्या दुसऱ्या लाटेत, ऐन हापूसच्या हंगामात, मालवाहतूक सुरू असूनही बागायतदार अडचणीत येत होता, कारण आजारपण थेट मनुष्यबळावर येते. झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) हाती धरणारा गडी तापाने पडला, की त्याच्या खोलीतले सारेच विलगीकरणात जातात. झाडावर तयार झालेला आंबा मात्र चौदा दिवस थांबत नाही.

मासेमारी नौकांचेही तेच. तांडेल (नौकेचा प्रमुख) नि खलाशी दाटीवाटीने राहतात, त्यामुळे एक बाधित झाला तरी नौका बंदरात उभी राहते, आणि तिच्याबरोबर बर्फाचा कारखाना व लिलावात मासळी घेणाऱ्या कोळणींची मिळकतही थांबते. (१ जूनपासून मासेमारीबंदी असतेच, म्हणजे हुकलेला मे महिना लगेच भरून काढता येत नाही.)

शिवाय रुग्णालयाच्या बिलापोटी सोने गहाण टाकलेले घर दुकाने उघडी असली तरी खरेदीला बाहेर पडत नाही. हंगामापूर्वी वाशीच्या (नवी मुंबईतील घाऊक बाजाराच्या) दलालाकडून घेतलेली उचल फेडायला आंब्याच्या पेट्या कमी पडल्या, तर ती बाकी पुढच्या मोहोराच्या फवारणीखर्चावर येते.