ज्येष्ठांचा कट्टा सुरू होतो, पण टिकत नाही. काय करावं?

चाफा:
सोसायटीत सत्तरीपुढच्यांसाठी आठवड्यातून तीनदा संध्याकाळी कट्टा भरवायचा आहे. भजन, व्याख्यान, वाढदिवस एवढ्यावर गर्दी दोन-तीन महिन्यांत ओसरते. नेमकं काय ठेवावं?

ओसरी:
करमणूक कमी करा, जबाबदारी वाटा. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला, तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्यांना कुंडी दिली आणि तिची निगाही त्यांच्यावरच सोपवली. सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा तेही त्यांनीच ठरवायचं. दुसऱ्या मजल्यालाही कुंड्या मिळाल्या, पण पाणी घालणार परिचारिका. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसू लागली.

म्हणून 'या, बसा' एवढंच नको. माणूस आला नाही तर अडेल असं काम द्या: हॉलची किल्ली, वर्गणीचा हिशोब, पेपरवाचन, पाचवी-सहावीच्या मुलांचं गणित. प्रत्येक कामाला दोघं हवेत, नाहीतर एकाच्या आजारपणात काम बंद पडतं आणि त्या संकोचाने तो पुढे फिरकत नाही. दिलेल्या कामात लुडबुड नको. हिशोब लिहून झाल्यावर कुणी तरुण तो पुन्हा तपासत बसला की सगळं मुसळ केरात.

टेकू:
वरच्याशी सहमत, पण आधी कान बघा. बरेच जण कंटाळून नाही, ऐकू येत नाही म्हणून यायचे थांबतात. घुमणाऱ्या हॉलमध्ये माइक मोठा केला तर शब्द आणखी एकमेकांत मिसळतात. सहा-सात जणांची कोंडाळी करा. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीशी खिडकी नको. कमी ऐकू येणाऱ्यांनी प्रथम कानातला मळ तपासून घ्यावा, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी. नवं श्रवणयंत्र थेट कट्ट्यावर लावून आणू नये. गोंगाटाने जीव नकोसा होतो आणि यंत्र कपाटात जातं. सुरुवातीला घरी, शांत खोलीत, रोज थोडा वेळ वाढवत.

चाफा:
व्यायाम ठेवावा का? गुडघ्यांमुळे बहुतेक जण नको म्हणतात.

टेकू:
जरूर ठेवा. खुर्चीतून उठणं-बसणं, ८ ते १० वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा तेवढंच. खुर्ची हातांची, बैठक साधारण ४५ सेंमी उंच, पाठ भिंतीला टेकलेली; हलकी प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरकते आणि माणूस पडतो. गुडघा दुखत असेल तर खाली घट्ट उशी घालून बैठक उंच करा. उठताना श्वास सोडायचा, रोखला तर रक्तदाब चढतो. बसताना तीन आकडे मोजत हळू. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबायचं.

ओसरी:
आकडे मोजायचं आणि कोण किती वेळा उठलं ते वहीत लिहायचं काम, ज्यांना हा व्यायाम जमत नाही त्यांच्याकडे द्या.