हेटरोजीनियस इम्युनोअसे : ‘विषमांगी’ म्हणावे का?

भाषांतरकर्ती
प्रयोगशाळा-तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमासाठी एका पुस्तिकेचे मराठीकरण करीत आहे. तिच्यात इम्युनोअसेचे, म्हणजे प्रतिपिंड (अँटीबॉडी) वापरून पदार्थ शोधण्याच्या किंवा मोजण्याच्या चाचण्यांचे, होमोजीनियस आणि हेटरोजीनियस असे दोन गट पाडले आहेत. शाळेच्या पुस्तकांतली जोडी हाताशी असल्यामुळे मी ‘समांगी’ आणि ‘विषमांगी प्रतिरक्षा-आमापन’ असे लिहून मोकळी झाले. मसुदा तपासणाऱ्या अध्यापकांनी ‘विषमांगी’खाली लाल रेघ ओढली आणि विद्यार्थ्याला नमुनाच गढूळ आहे असे वाटेल, असा शेरा मारला. मूळ अर्थ असा आहे की, खूण लावलेल्या रेणूंपैकी जे प्रतिपिंडाला चिकटले आणि जे मोकळे राहिले, त्यांना एकमेकांपासून प्रत्यक्ष वेगळे केल्याशिवाय जिथे मोजणी करता येत नाही, ती पद्धत हेटरोजीनियस. एलायझा या चाचणीची प्लेट आपण धुतो ती याचसाठी. या अर्थाला ‘विषमांगी’ चालेल का?

व्युत्पन्न
अवश्य चालेल. मूळ ग्रीक शब्दात ‘दुसरा’ आणि ‘कूळ’ असे दोन घटक आहेत, आणि ‘विषमांगी’ त्यांच्या पुरेसा जवळ जातो. शिवाय प्रतिपिंड प्लेटच्या पृष्ठभागावर, म्हणजे स्थायूवर बसलेले असते आणि नमुना द्रवरूप असतो. दोन प्रावस्था आल्या की विषमांगीपणा आलाच. परिभाषेने ओळख पटवावी एवढीच अपेक्षा असते. वर्णनाचा भारही तिच्यावर टाकला, तर प्रत्येक नव्या यंत्राबरोबर शब्द बदलावा लागेल.

निवृत्त तंत्रज्ञ
दोन प्रावस्थांचा खुलासा ऐकायला नेटका आहे, पण इतिहासाशी जुळत नाही. बर्सन आणि यॅलो यांनी 1960 साली इन्शुलिन मोजण्याची जी सविस्तर पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात प्रतिपिंड कुठल्याही स्थायूवर बसवलेले नव्हते. किरणोत्सारी आयोडीन लावलेले इन्शुलिन आणि नमुन्यातले इन्शुलिन द्रवातच प्रतिपिंडासाठी स्पर्धा करीत आणि नंतर कागदावरील विद्युत्संचरणाने (इलेक्ट्रोफोरेसिसने) बद्ध व मुक्त भाग वेगळे केले जात. पुढे त्याच कामासाठी डेक्स्ट्रॅन या शर्करेचा लेप दिलेला कोळसा आला. प्रतिपिंडाचा थर दिलेल्या नळ्या कॅट आणि ट्रेगिअर यांनी 1967 साली दाखवल्या, आणि एंगवॉल व पर्लमान यांचा एलायझा 1971 चा. या सगळ्या पद्धती हेटरोजीनियसच गणल्या जातात, कारण विलगन सर्वांत आहे.

आता उलटे उदाहरण घ्या. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन या दाहदर्शक प्रथिनाच्या लॅटेक्स चाचणीत प्रतिपिंड लावलेले सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात, प्रथिन भेटले की त्यांचे पुंजके होतात, आणि आपण मोजतो तो चक्क गढूळपणा. शाळेच्या व्याख्येने हे अस्सल विषमांगी मिश्रण आहे. पण विलगन करावे लागत नाही म्हणून ही चाचणी ‘होमोजीनियस’ गटात बसते. याउलट एलायझाच्या शेवटी वेलमधला (प्लेटवरील खळग्यातला) जो पिवळा द्राव आपण 450 नॅनोमीटरवर वाचतो, तो पूर्णपणे समांगी असतो. भाषांतर तंतोतंत झाल्यामुळे विद्यार्थी नेमका उलटा गट लिहील. माझ्या मते ‘विलगनयुक्त’ आणि ‘विलगनमुक्त’ असे म्हणावे.

सूक्ष्मनलिका
‘विलगन’ शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असेल, पण 2020 नंतर ‘विलगीकरण’ म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे बंद खोलीतला रुग्ण येतो. ‘विषम’ही निष्पाप नाही. आमच्या प्रयोगशाळेत कागदावर ‘विषमज्वर’ दिसला की हात आधी टायफॉइडसाठीच्या विडाल चाचणीकडे जातो. आम्ही आपसांत ‘वॉशिंगवाली’ आणि ‘बिनवॉशिंगची’ असे दोन प्रकार करतो व कुणाचाही गोंधळ होत नाही. एकदा एका नवशिक्या मुलाने धुण्याची एक फेरी गाळली, तेव्हा ब्लँकसकट (नमुना न घातलेल्या वेलसकट) सगळी प्लेट निळी झाली. त्यानंतर त्याला व्याख्या समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

व्युत्पन्न
विषमज्वराला टायफॉइड ठरवणे ही सरकारी आरोग्यपत्रकांची कृपा आहे. आयुर्वेदात अनियमित अंतराने उलटणाऱ्या तापाला विषमज्वर म्हणतात आणि त्याची तुलना पुष्कळ जण हिवतापाशी करतात. शब्द वापरून सैल होतात ते असे. म्हणूनच मी ‘वॉशिंगवाली’च्या विरुद्ध आहे. आणि ‘विलगनमुक्त’ या शब्दाचा अर्थ ‘विलगनामुळे मुक्त झालेला’ असाही लागतो; जिथे बद्ध आणि मुक्त रेणूंचीच चर्चा चालली आहे, तिथे हा अपघात होणारच.

ऋजुरेषा
मला तर ‘प्रतिपिंड’ याच शब्दाचा जास्त त्रास होतो. पिंड म्हटले की कावळा शिवण्याची वाट पाहावीशी वाटते. ‘प्रतिद्रव्य’ सरळ आहे आणि वृत्तपत्रांनी तो पुष्कळ वापरलाही आहे.

निवृत्त तंत्रज्ञ
‘प्रतिद्रव्य’ हा शब्द भौतिकीने अँटिमॅटरसाठी आधीच घेऊन ठेवला आहे. ‘प्रतिपिंड’च राहू द्यावा.

भाषांतरकर्ती
दोन्ही बाजू पटतात आणि पुस्तिका तिथेच अडकून पडते. त्यातच ‘सँडविच’ प्रकारासाठी अध्यापकांनी ‘द्विप्रतिपिंडी’ सुचवले आहे.

निवृत्त तंत्रज्ञ
ते मुळीच स्वीकारू नका. रेडिओइम्युनोअसेमध्ये, म्हणजे किरणोत्सारी खूण वापरणाऱ्या इम्युनोअसेमध्ये, ‘डबल अँटीबॉडी’ नावाची वेगळी पद्धत आहे, आणि तिच्यात दुसरे प्रतिपिंड पहिल्या प्रतिपिंडालाच धरून त्याचा साका खाली बसवते. सँडविचमध्ये दोन प्रतिपिंडे एकाच प्रतिजनाला (ज्याला प्रतिपिंड चिकटते त्या पदार्थाला) दोन जागी पकडतात. एकात नमुन्यातला पदार्थ वाढला की बद्ध किरणोत्सार घटतो, दुसऱ्यात संकेत वाढतो. एकच नाव दोघांना दिले, तर आलेखाची दिशाच चुकेल. सँडविच हा शब्द मराठीने केव्हाच पचवला आहे.

व्युत्पन्न
पचवला आहे, पण खाद्यपदार्थ म्हणून. आणि मोजणी सुचवणारा ‘आमापन’ हा शब्द कुणीच तपासला नाही. औषधांच्या दुकानात मिळणारी गर्भधारणेची पट्टी फक्त होय किंवा नाही एवढेच सांगते. तिला आमापन कसे म्हणणार?

सूक्ष्मनलिका
त्या पट्टीने माझीही अडचण केली आहे. तिच्यात सोन्याचे सूक्ष्म कण लावलेले प्रतिपिंड मूत्राबरोबर पुढे सरकते, एचसीजी हे गर्भधारणेतले संप्रेरक असेल तर रेषेवरच्या दुसऱ्या प्रतिपिंडापाशी अडकते आणि उरलेले कण वाहत निघून जातात. विलगन झाले, धुतले मात्र कुणीच नाही. माझी ‘वॉशिंगवाली’ इथे अपुरी पडते, हे मान्य. पण ‘विषमांगी’ वाचणारा विद्यार्थी तरी ही पट्टी कोणत्या गटात टाकील?

व्युत्पन्न
शिक्षकाने सांगितलेल्या गटात. आता ‘आमापन’विषयी कुणी बोलणार आहे का?