गोधडीच्या मधोमध झोळ येत आहे, मदत हवी आहे

सुईदोरा:
वडिलांसाठी हाताने गोधडी शिवत आहे. चारही कडांपासून आत येत धावदोरा घातला असून आता मध्ये जेमतेम दोन फुटांचा चौकोन उरला आहे, आणि तिथे वरचे कापड चार बोटे फुगले आहे. एका बाजूने दाबले की फुगा दुसरीकडे सरकतो. रविवारी भाऊ ती निफाडला घेऊन जाणार आहे आणि तिकडची थंडी आपणांस ठाऊकच असेल. सगळे उसवावे लागेल का, एवढेच कृपया लवकर सांगावे.

रानजाई:
ताई, थर किती आहेत, आत काय घातले आहे आणि शिवण्यापूर्वी कच्चे टाके कुठे कुठे घातले होते, हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

सुईदोरा:
चार थर आहेत. वर नवे सुती कापड, खाली जुनी सुती साडी आणि आत दोन साड्या. कच्चे टाके कडेने घातले होते. माझा प्रश्न उसवण्याविषयी आहे.

निळीशाई:
मी गेली काही वर्षे गोधड्या यंत्रावरच शिवते. साध्या दाबपट्टीने शिवताना यंत्राचे दाते खालचे कापड पुढे ओढतात आणि वरचे मागे राहते, म्हणून दाबपट्टीच्या जागी वॉकिंग फूट हा जोड लावावा. तो वरचे आणि खालचे कापड एकाच वेळी पुढे सरकवतो. उरलेला चौकोन एका संध्याकाळी पूर्ण होईल.

रानजाई:
निळीशाई, फुगलेल्या कापडावर यंत्र चालवले तर तिथे चुण्या कायमच्या शिवल्या जातील.

कापूसवेचणी:
मुळात कडेकडून आत येणे हीच चूक आहे. मधून सुरुवात करून बाहेर जावे, म्हणजे जास्तीचे कापड कडेला निघून जाते.

रानजाई:
याच्याशी मी सहमत नाही. माझी आजी कडेनेच सुरुवात करीत असे, आणि कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रियादेखील कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवताना कडेपासून आत येत मध्यावर संपवतात. सुई कापडाला थोडेथोडे पुढे ढकलते हे खरे आहे; म्हणूनच गोधडी जमिनीवर ताणून पसरायची आणि सगळ्या पृष्ठभागावर वीतवीत अंतराने उभे-आडवे कच्चे टाके घालायचे असतात. ते फक्त कडेला घातले, तर प्रत्येक ओळीतला थोडा सैलपणा साचत साचत मध्यावर येतो.

अंगणवेल:
गोधडी धुताना रिठ्याच्या पाण्यात भिजवावी, मात्र पिळू नये, कारण ओल्या गोधडीचे वजन टाक्यांवर येऊन दोरा तुटतो. निथळू द्यावी आणि आडवी वाळवावी.

सुईदोरा:
धुण्याचा प्रश्न अजून आलेला नाही. कृपया उसवण्याविषयी सांगावे.

कापूसवेचणी:
आतल्या दोन्ही साड्या सुती आहेत का? आणि वरचे नवे कापड आधी धुतले होते का?

सुईदोरा:
कापड धुतले होते. साड्या आईच्या आहेत. ती मार्चमध्ये गेली. एक सुती आहे, दुसरी जॉर्जेटची आहे. वडिलांनी त्या दोनच साड्या काढून दिल्या, त्यामुळे बदलता येणार नाहीत.

रानजाई:
ताई, हे आधी कळले असते तर बरे झाले असते. जॉर्जेट सुती कापडावर घसरते, म्हणून तुमचा फुगा जागा बदलतो. साडी काढण्याची मुळीच गरज नाही. आतल्या पाच-सहा ओळी उसवा, उरलेल्या राहू द्या. वरचे कापड त्या मोकळ्या जागेवर मधोमध उभे कापून दोन्ही बाजूंना उलगडा. जॉर्जेट आईच्याच सुती साडीवर पसरून दोन्ही मिळून बारीक धावदोऱ्याने शिवून घ्या, म्हणजे त्या दोघींचा एकच थर होईल. मग वरचे कापड मिटवा, जास्तीचे दुमडून आत घ्या आणि कापलेल्या जागी सुती ठिगळ लावा. त्यावर वीतवीत कच्चे टाके घालून मगच पुढे जा. टाका घट्ट ओढू नका. थरांमध्ये हवा राहिली तरच ऊब राहते.

कापूसवेचणी:
अशा साडीसाठी हा उपाय मलाही योग्य वाटतो. ठिगळ चौकोनी लावले तर ओळी त्याच्याभोवती सहज वळवता येतील.

सुईदोरा:
पाच ओळी उसवून वरचे कापड उघडले. जॉर्जेट खरोखरच एका बाजूला गोळा झाली होती. ती सारखी करून सुती साडीवर शिवायला घेतली आहे. ठिगळासाठी आईच्या एका ब्लाउजचे सुती कापड सापडले आहे, तेच लावते.