उत्तर: पहिल्याच दिवशी नुसतं भंगार
अरे पहिल्या दिवशी नुसती कॅनची टोपणं निघाली म्हणून मेटल डिटेक्टर मशीन विकायला काय काढतोस, माझं पण सेम झालेलं. इथे इंग्लंडात केंटमधे एका शेतकऱ्याची परवानगी काढून त्याच्या शेतात गेलो, तीन तासात सतरा खड्डे आणि मिळालं काय तर खिळे, रिंगपुल (कॅन उघडायची कडी) आणि काडतुसाचं पितळी बूड. रिंगपुल आणि सोन्याची अंगठी मशीनला जवळपास सारखीच वाटते, त्यामुळे तो आवाज सोडवतही नाही, खणावंच लागतं. शेवटी एका ढेकळात हिरवी पडलेली राजा पाचव्या जॉर्जची पेनी निघाली, १९१७ ची, बायको म्हणे याचं दूध तरी येईल का 😀 कॉइल (मशीनची खालची गोल तबकडी) जमिनीलगत ठेव आणि सावकाश फिरव, मी झाडू मारल्यासारखा फिरवत होतो. आणि ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू निघालीच तर इथल्या कायद्याने १४ दिवसांत कोरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणारा अधिकारी) कळवायचं, खिशात नाही टाकायची.